कपाटातल्या कातरणातून दिवाळीची गोधडी, आणि उरल्यासुरल्यातून संक्रांतीचं वाण

दिवाळीला कुणाला हातची गोधडी द्यायची असेल तर कपाट उघडायची वेळ गणपती उठल्यावरची. भर पावसात धुतलेलं जुनं सुती कापड वरून वाळल्यासारखं दिसतं, पण घडीत दमट राहतं. तसंच शिवलं तर कुबट वास थरांच्या आत बसतो आणि नंतर कितीही ऊन दाखवा, हटत नाही. ऑक्टोबरचं ऊन या कामासाठीच असावं इतकं सोयीचं आहे. नवरात्रात कापून जोडून ठेवलं की पुढचे टाके रोज संध्याकाळी तासभर बसून घालता येतात.

दुसरी गोष्ट क्रमाची. हौशीने कामाला लागणारे बहुतेक जण आधी बटवे, पिशव्या, तोरणं करत सुटतात आणि त्यात चांगली मोठी कापडं कापून मोकळे होतात. गोधडीची वेळ येते तेव्हा हातात राहतात टीचभर तुकडे. म्हणून मोठं आधी कापायचं: पहिल्यांदा गोधडी, तिच्यातून उरेल त्याचं तोरण, जाड कापडाचे स्वयंपाकघरातले पॅड, आणि शेवटी बटवे. संक्रांत १४-१५ जानेवारीला येते आणि हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंत चालतात, त्यामुळे वाणाच्या वस्तूंना दिवाळीनंतर भरपूर अवधी असतो.

कापडाचे ढीग

रंग बघून कापड निवडू नका. डोळे मिटून निवडलंत तरी चालेल, पण बोटांनी निवडा. गोधडी कुठून फाटायची ते रंगावर ठरत नाही, जाडीवर ठरतं. मलमलीच्या शेजारी जीन्सचा तुकडा जोडला की प्रत्येक धुण्यात जीन्स मलमलीला ओढते आणि सुईच्या भोकांच्या रांगेवरच मलमल उसवत जाते. म्हणून आधी जाडीप्रमाणे तीन ढीग करायचे. मऊ सुती साड्या, धोतरं, जुन्या चादरी, कुर्ते एका बाजूला. हे गोधडीचं कापड. जीन्स, पडदे, सोफ्याची जाड कापडं दुसरीकडे; ती पॅडसाठी. खण, रेशमी काठ, जरीचे तुकडे तिसरीकडे. ते तोरणाला आणि बटव्याला.

पॉलिएस्टर ओळखता येत नसेल तर दोऱ्याएवढी चिंधी चिमट्यात धरून बेसिनवर पेटवून पाहा. सुती कापड कागदासारखं जळतं, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मऊ राखाडी राख पडते. पॉलिएस्टर वितळतं, आक्रसतं आणि टोकाला काळा कडक मणी धरतं. असं कापड गोधडीत नको. ते घाम शोषत नाही, सुईखाली सरकतं आणि मधल्या थराची पार वाट लावतं. टी-शर्टचं होजिअरी कापड ताणलं जातं, त्यामुळे वरच्या थराला तेही नको.

जुनी साडी किती टिकणार हे उजेडात धरून कळतं. दोन्ही अंगठ्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवून कापड झटका न देता ओढा. धागे तिथल्या तिथे विरळ होत असतील तर ती साडी वर वापरायची नाही, मधल्या थरात घालायची. तिथे तिच्याइतकं मऊ दुसरं काही मिळणार नाही. हाताने ओढताच फाटली तर मात्र तिची फडकी करावीत. आजीच्या साडीबद्दलची माया मी समजू शकते, पण विरलेली साडी वरच्या बाजूला लावून दोन महिन्यांत तिच्या चिंध्या होताना पाहण्यापेक्षा ती आत सुरक्षित राहिलेली बरी.

लाल, काळा आणि निळा या रंगांची परीक्षा घ्यावीच. पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासायचा. रुमालाला रंग लागला तर ते कापड वेगळं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं. तरीही रंग जातच असेल तर ते बाद. मिठाच्या पाण्यात बुडवून कच्चा रंग पक्का होत नाही, हा नुसता समज आहे.

आता ब्लाउजपीस. ओटीत आलेले, कुणाच्या तरी ओटीत जायची वाट पाहणारे ब्लाउजपीस प्रत्येक मराठी घरात गठ्ठ्याने असतात. त्यातले सुती निवडा, गोधडीसाठी ते उत्तम. मात्र कोरे वापरू नका. कोमट पाण्यात तासभर भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. खळ निघाली नाही तर सुई अडते, आणि आधी आटलं नाही तर कापड पहिल्या धुण्यात आटून आजूबाजूच्या जुन्या कापडाला चुण्या पाडतं. एवढ्यावर भागलं नाही तर ओळखीच्या शिंप्याकडे कातरण मागा. ब्लाउज शिवणाऱ्यांकडे अस्तराचे सुती तुकडे पुष्कळ निघतात.

सामान

फार काही लागत नाही. धारदार कात्री (ही कागदाला लावायची नाही), शिंप्याचा खडू, टेप, पुठ्ठा, टाचण्या, लांब आणि मध्यम जाडीची सुई, जाड सुती दोरा आणि मधल्या बोटात घालायचं अंगुस्तान. दाभण नको, त्याची भोकं बुजत नाहीत. दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की गुंता कमी होतो.

दोरा किती लागेल हे लोक अंदाजाने ठरवतात आणि मग तोच रंग पुन्हा मिळत नाही. सोपा हिशोब आहे. ३६ × ४५ इंचांची गोधडी आणि टाक्यांच्या ओळींत १ इंच अंतर धरलं तर ओळींची एकूण लांबी १६२० इंच, म्हणजे साधारण ४१ मीटर भरते. दोरा वरखाली जातो, गाठी पडतात, तेव्हा ५० मीटर घ्या. अर्ध्या इंचावर ओळी घालणार असाल तर दुप्पट.

कापणी आणि जोडणी

पहिल्यांदाच करत असाल तर पूर्ण पलंगाच्या मापाच्या मागे लागू नका. वर सांगितलेलं ३६ × ४५ इंचांचं माप मांडीवर घ्यायला, प्रवासात पांघरायला, लहान मुलाला अंथरायला पुरतं आणि मुख्य म्हणजे दिवाळीपर्यंत पुरं होतं.

पुठ्ठ्याचा ५ इंचाचा चौकोन कापा. तो कापडावर ठेवून खडूने आखा आणि असे ८० तुकडे कापा. चारही बाजूंनी पाव इंच माया (शिवणीसाठी सोडलेली कड) जाणार, म्हणजे शिवल्यावर प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा राहणार. आडवे ८ आणि उभे १० लावले की बरोबर ३६ × ४५. ब्लाउजपीसच्या ८० सेंटीमीटर लांबीत असे सहा चौकोन बसतात. पुठ्ठा उभ्या-आडव्या धाग्याला धरून ठेवा, तिरका नको. तिरका कापलेला चौकोन शिवताना ताणला जातो आणि ओळ वाकडी होते. पुठ्ठ्याच्या कडा झिजतात, म्हणून वीसेक तुकड्यांनंतर नवा पुठ्ठा घ्या.

सगळे तुकडे जमिनीवर मांडा आणि मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहा. रंग जुळतायत असं वाटत असतं, पण फोटोत एका कोपऱ्यात सगळे गडद गोळा झालेले दिसतात. गडद आणि फिके विखुरले की विजोड कापडंसुद्धा एकत्र नांदतात. फुलाफुलांच्या गर्दीत अधूनमधून एखादा साधा, एकरंगी चौकोन टाका.

आडव्या ८-८ च्या दहा ओळी शिवून घ्या. यंत्र असेल तर टीप मारा. हाताने करणार असाल तर बारीक धावदोरा (सुई वरखाली नेत घातलेले सरळ टाके) आणि दर दोन बोटांवर एक उलटा, म्हणजे मागे येऊन घेतलेला टाका. मग इस्त्री. पहिल्या ओळीची माया सगळी उजवीकडे वळवायची, दुसरीची डावीकडे, तिसरीची पुन्हा उजवीकडे. ओळी एकमेकींना जोडताना या उलट बाजूंच्या माया एकमेकींत अडकतात आणि चौकोनांचे कोपरे आपोआप जुळतात. ही इस्त्री चुकवली तर कोपरे टाचण्यांनी जुळवत बसावं लागतं.

थर लावणं

सहावारी सुती साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच रुंद असते. काठ काढून टाका, कारण काठाची वीण घट्ट असते आणि ती बाकीच्या कापडाला ओढते. उरलेल्या साडीतून ४९ इंच लांबीचे चार तुकडे निघतात. रुंदीला ४० इंच ठेवून कापा. एक तुकडा मागच्या बाजूला, दोन मध्ये, आणि चौथा बटव्यांच्या अस्तराला राखून ठेवा. मागच्या बाजूला बळकट साडी, मध्ये विरलेल्या, असं करायचं असेल तर दोन साड्या घ्या.

परदेशात, जिथे थंडी खरीखुरी असते, तिथे मधल्या साड्यांऐवजी कापसाचं तयार बॅटिंग दुकानात मिळतं. ते घेतलंत तर एकच थर पुरे, आणि टाक्यांच्या ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल हे त्याच्या पाकिटावर वाचून घ्या. अंतर जास्त पडलं तर धुण्यात आतला कापूस गोळा होतो.

लादी पुसून मागचं कापड उलटं अंथरा. कडा चिकटपट्टीने लादीला लावा. ताणलेलं हवं, पण तंग नको. त्यावर मधले दोन थर, प्रत्येक थर मधून बाहेर हात फिरवत सपाट करत. सगळ्यात वर चौकोनांचं कापड, सुलट बाजू वर. मग कच्चे टाके: आधी मध्यापासून चारही दिशांना, मग चार कोपऱ्यांकडे, आणि मग चार-चार बोटांवर आडवे-उभे. हे टाके दोन इंच लांब असले तरी चालतात, शेवटी काढूनच टाकायचे असतात. कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यांनाच ते टाळावंसं वाटतं. पण मागच्या बाजूला ज्या चुण्या नंतर दिसतात त्या इथेच पडलेल्या असतात.

धावदोरा

जुन्या पद्धतीत बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून, चौकोनात चौकोन घेत, टाके मध्यापर्यंत नेतात. दिसतं सुंदर. पण हात बसलेला नसेल तर कापड आत ढकललं जातं आणि मध्यावर फुगा येतो, जो कशानेही बसत नाही. नवख्याने पहिली ओळ बरोबर मधून घालावी, मग तिच्या दोन्ही बाजूंना एक-एक करत कडेकडे जावं.

दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की पीळ पडतो. टोकाला छोटी गाठ मारा. जिथून टाके सुरू करायचे तिथून इंचभर दूर सुई फक्त वरच्या थरातून आत घाला, मधल्या थरातून सरकवत आणून हव्या त्या जागी वर काढा आणि दोऱ्याला हलका हिसका द्या. टक् असा बारीक आवाज होतो आणि गाठ वरच्या कापडातून आत शिरते. बाहेर काही दिसत नाही. दोरा संपत आला की एकाच जागी दोन बारीक उलटे टाके घ्या, उरलेलं टोक मधल्या थरात इंचभर पळवा आणि कापा.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा असावा, आणि दोन टाक्यांतलं अंतरही तेवढंच. सुई सरळ खाली टोचून मग ओढायची नाही. ती जवळजवळ आडवी धरून कापडच तिच्यावर वरखाली करायचं, तीन-चार टाके सुईवर चढले की अंगुस्तानाने मागून रेटायचं. डाव्या हाताचं एक बोट खाली ठेवा. सुईचं टोक त्या बोटाला प्रत्येक वेळी जेमतेम जाणवलं म्हणजे टाका मागच्या थरापर्यंत पोचला. दर थोड्या ओळींनंतर गोधडी उलटी करून पाहा. मागे टाके गाळले जात असतील तर सुई फार आडवी पडतेय.

ओळी सरळ येण्यासाठी आखायचं असेल तर खडूने आखा, बॉलपेन चुकूनही नको. खरं तर चौकोनांच्या शिवणीच तुम्हाला रेघा देतात. शिवणीच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर एक ओळ आणि मधल्या जागेत तीन, एवढं केलं की अंतर आपसूक बसतं. शिवणीच्या अगदी वरून टाके नेऊ नका, तिथे मायेचे दोन थर जास्त असतात आणि सुई अडून टाका मोठा होतो. दोरा ओढून घट्ट करायचा नाही. टाका बसला की थांबायचं. दाट टाक्यांनी गोधडी इंच-दीड इंच आक्रसते, ते धरूनच चाला.

दोऱ्याचा रंग एकच ठेवा. कापडं शंभर प्रकारची असताना दोराही बदलत गेलात तर नजर कुठेच ठरत नाही. पांढरा किंवा गडद लाल दोरा जवळपास सगळ्यावर उठून दिसतो.

कडा आणि कोपरे

कच्चे टाके काढा. वरचा आणि मधले थर एकसारखे कापून घ्या, मागचं कापड मात्र सगळीकडून १ इंच बाहेर राहू द्या. हे कापड अर्धा इंच दुमडायचं आणि पुन्हा अर्धा इंच वर घेऊन पुढच्या बाजूला शिवायचं. कोपऱ्यावर आधी टोक तिरकं आत वळवा, मग दोन्ही बाजू आणा, म्हणजे कोपऱ्यात गाठोडं होत नाही. वेगळा गोट लावायचा असेल तर अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या जोडून १७५ इंच लांबी करा. जुन्या साडीचा सुती काठ त्यासाठी फार शोभतो.

गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांची ही माणसं. त्यांच्या कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर कापडाचे तिकोनी तुकडे घडी घालून लावलेले असतात, त्याला त्या फूल म्हणतात. फूल नसेल तर कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. त्यांची शिवायची रीतही चौकोनी मापांची नाही. आधी तुकडे जोडून मग थर लावण्याऐवजी, खालच्या साडीवर कोपऱ्यापासून एक-एक ठिगळ ठेवायचं, त्याची कड बोटाने आत दुमडायची आणि धावदोऱ्याने तिथेच शिवून पुढचं ठिगळ थोडं वर चढवायचं. असं कडेने फिरत मध्यापर्यंत जायचं. वेडेवाकडे, लहानमोठे तुकडे जसे आहेत तसे वापरता येतात, माप लागत नाही, यंत्रही लागत नाही. एक चौकोनी गोधडी झाली की दुसरी अशी करून बघा. मला विचाराल तर हीच जास्त देखणी होते.

एक सावधगिरी. बाळंतविड्यात गोधडी देणार असाल तर जर, मणी, बटणं, गोंडे काही लावू नका, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत ती पांघरायची नाही, खेळताना खाली अंथरायची, हे देतानाच सांगा. डॉक्टरही एवढ्या लहान बाळाच्या अंथरुणात सैल पांघरूण ठेवू नका असं सांगतात.

दाराचं तोरण

कवंदीच्या फुलाची घडी इथे कामाला येते. ५ इंचाचा चौकोन तिरका दुमडून त्रिकोण करा, तो पुन्हा एकदा दुमडा. सगळ्या कच्च्या कडा एकाच लांब बाजूला येतात, त्यामुळे त्रिकोणाला वेगळी शिलाई लागतच नाही. असे ११ त्रिकोण दर ३ इंचांवर, एकावर एक थोडे चढवत लावले की ३५ इंच भरतात, म्हणजे साधारण एका दाराची रुंदी. वरून ३ इंच रुंद पट्टी उभी दुमडून कच्च्या कडा तिच्यात झाकायच्या, टीप मारायची आणि दोन्ही टोकांना नाडीचे फास ठेवायचे.

खणाचं तोरण सगळ्यात उठून दिसतं. गुळेदगुड्डचा खण असेल तर कापताच कडा सुटायला लागतात, म्हणून खणाला नेहमीपेक्षा जास्त, पाऊण इंच माया ठेवा आणि कापल्याबरोबर शिवा.

गरम भांडं धरायचे पॅड

जीन्सचा ढीग आता उघडा. ८ इंचाचे दोन चौकोन जीन्सचे किंवा जाड सुती कापडाचे आणि त्याच मापाचे दोन जुन्या टर्किश टॉवेलचे. खाली टॉवेलचे दोन्ही तुकडे, त्यावर जीन्सचे दोन चौकोन सुलट बाजू एकमेकींकडे करून. अडकवायची नाडी एका कोपऱ्यात आतल्या बाजूला ठेवा. अर्धा इंच माया सोडून सगळीकडून टीप मारा, एका बाजूला तीन बोटं जागा उघडी ठेवा. कोपरे टिपेच्या जवळून छाटा, उलटवा, उघडी जागा हाताने शिवा आणि शेवटी दोन तिरक्या टिपांची फुली मारा म्हणजे आतला टॉवेल सरकणार नाही. इथे धागाभर पॉलिएस्टरही चालणार नाही. तापलेल्या कढईला ते चिकटतं आणि बोटालाही. ओल्या पॅडने गरम भांडं धरू नये हेही घेणाऱ्याला सांगा, ओल्या कापडातून चटका पटकन बसतो.

वाणाचे बटवे

७ × १८ इंचांची पट्टी. लांब कडांची चारही टोकं, प्रत्येकी ३ इंचांपर्यंत, अर्धा इंच आत दुमडून शिवून घ्या. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग नाडीच्या तोंडाशी धागे निघत राहतात. त्यानंतर आखूड कडा अर्धा इंच आणि पुन्हा १ इंच दुमडून नेफा करा, दोन्ही तोंडं उघडी ठेवून. पट्टी मधोमध दुमडा, सुलट बाजू आत. नेफ्याच्या खालून तळापर्यंत दोन्ही बाजू शिवा, उलटवा. ६ इंच रुंद, साडेसात इंच उंच बटवा तयार. १८-१८ इंचांच्या दोन नाड्या सेफ्टीपिनेला अडकवून ओवायच्या: एक डावीकडून घालून पूर्ण फेरी मारून डावीकडेच काढायची, दुसरी उजवीकडून. दोन्ही ओढल्या की तोंड बंद होतं. कापड पातळ असेल तर राखून ठेवलेल्या साडीच्या तुकड्याचं अस्तर आधीच पट्टीला जोडून घ्या.

काळे तुकडे यासाठी जपून ठेवा. एरवी सणाला काळं चालत नाही म्हणून बाजूला पडतात, पण संक्रांतीला काळ्या चंद्रकळेचाच मान असतो. काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचे चार ओळी धावदोरे घातले की बटव्याला आणखी काही लावायला नको. आत तिळगुळाची पुडी ठेवायची असेल तर ती आधी कागदात बांधा, तिळाचं तेल कापडाला डाग पाडतं.

धुणं आणि जपणं

पहिलं धुणं एकटीचं, गार पाण्यात, सौम्य साबणाने. भिजलेली गोधडी चांगलीच जड होते, एका दोरीवर टाकली तर मधून लोंबते आणि टाके ताणले जातात. दोन समांतर दोऱ्यांवर पसरून टाका किंवा गच्चीवर चादर घालून तिच्यावर आडवी वाळवा, दुपारी बाजू पालटा. कोकणात आणि गोव्यात ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी धरते. जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून ठेवा, बरोबर वाळवलेला कडुलिंबाचा पाला.

भेट देताना गोधडीत वापरलेल्या कापडाचे दोन-तीन तळहाताएवढे तुकडे आणि त्याच दोऱ्याचं छोटं रीळ अभ्र्यात ठेवून द्या. चौकोन विरला की तो काढायच्या भानगडीत पडायचं नाही. नवा तुकडा कडा दुमडून त्याच्यावरच ठेवायचा आणि चारही थरांतून धावदोरा घालायचा.